घरगुती कोंबड्यांच्या अंड्यांची साठवण

खेडेगावातील पुष्कळ शेतकरी कुटुंबांच्या अंगणात पाच-दहा कोंबड्या असतात. खळ्यावर सांडलेले दाणे, उकिरड्यातील किडे व घरातील उष्टे-खरकटे यांवर त्या पोसल्या जातात. त्यांच्या अंड्यांचा पैसा बहुधा गृहिणीच्या हाती येतो आणि तेल-मीठ, मुलांच्या वह्या अशा नित्याच्या गरजा त्यातून भागतात. गावरान अंड्यास बाजारात दरही चांगला मिळतो. असे असूनही चैत्र-वैशाखात आठवडी बाजारासाठी जमवून ठेवलेल्या अंड्यांपैकी काही अंडी ग्राहकाच्या घरी फोडल्यावर नासकी निघतात. एका नासक्या अंड्यापायी कायमचे गिऱ्हाईक तुटते, आणि पुढच्या बाजारी चांगल्या अंड्यांचाही भाव पाडून मागितला जातो. ‘उन्हाळ्यात अंडी टिकतच नाहीत’ अशी समजूत मग घरोघरी रूढ होते.

ही समजूत पुरती खरी नाही. अंड्याचा ताजेपणा वाढविण्याचा उपाय मात्र कोणाजवळही नाही. अंडे घातले जाते त्या क्षणी ते सर्वांत ताजे असते व तेव्हापासून त्याची घसरण सुरू होते. साठवणीच्या साऱ्या रीती ही घसरण मंद करतात, इतकेच. म्हणून पहिल्या दिवशी घेतलेली काळजी ही पुढील पंधरा दिवसांत केलेल्या कोणत्याही उपायापेक्षा अधिक मोलाची ठरते. या काळजीला खर्च जवळजवळ नाही. नेम मात्र हवा.

अंडे नासते कसे?

अंड्याचे कवच वरून घट्ट दिसले तरी त्याला सूक्ष्म छिद्रे असतात. एका अंड्यावर ती साधारणपणे सात हजारांपासून सतरा हजारांपर्यंत असून रुंद टोकाकडे अधिक दाट असतात. या छिद्रांवर निसर्गाने एक अतिशय पातळ लेप दिलेला असतो. अंडे घातले जाते तेव्हा हा लेप ओलसर असतो व थोड्याच वेळात सुकून छिद्रांची तोंडे पुष्कळशी झाकतो. कवचाच्या आत दोन पातळ पापुद्रे असतात व त्यांच्या आत पांढरा भाग आणि पिवळा बलक असतो.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. अंडे बाहेर पडून थंड होऊ लागले की आतील पदार्थ आकुंचन पावतो आणि रुंद टोकाशी दोन पापुद्र्यांमध्ये हवेची लहानशी पोकळी तयार होते. त्या वेळी छिद्रांतून हवा आत ओढली जाते. कवचाला ओली विष्ठा किंवा चिखल लागलेला असेल तर हवेबरोबर रोगजंतूही आत शिरण्याचा संभव असतो. घाणेरड्या जागी घातलेले अंडे लवकर नासते त्याचे एक मोठे कारण हेच होय.

पुढे दिवसेंदिवस छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जात राहते, अंड्याचे वजन घटते व पोकळी मोठी होते. त्याबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड वायूही निघून जातो. हा वायू कमी झाला की अंड्याच्या पांढऱ्या भागातील घट्टपणा नाहीसा होऊन तो पाण्यासारखा पातळ होतो. बलकावरचे आवरणही सैल पडते. म्हणून शिळे अंडे ताटलीत फोडले असता बलक चपटा होतो किंवा फुटून पसरतो. तापमान जितके अधिक, तितक्या या सर्व क्रिया अधिक वेगाने घडतात. यावरून साठवणीची तीन सूत्रे निघतात: अंडे स्वच्छ असावे, ते लवकर थंड व्हावे आणि त्यातील ओलावा व वायू शक्य तितके आतच राहावेत.

साठवणीची सुरुवात अंडी घालण्याच्या जागेपासून

कोंबडीला अंडी घालण्यासाठी अंधाऱ्या, आडोशाच्या व कोरड्या जागी टोपली किंवा खोके ठेवावे. त्यात चार बोटे जाडीचा कोरडा पेंढा, गवत किंवा भाताचे तूस घालावे. ते ओले अथवा घाण होताच बदलावे. रात्री कोंबड्या त्या टोपलीत बसू देऊ नयेत. रात्रभरच्या विष्ठेने ती खराब होते.

अंडी दिवसातून निदान दोन वेळा उचलावीत. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तीन वेळा उचलणे इष्ट होय. बहुतेक कोंबड्या सकाळपासून दुपारपर्यंत अंडी घालतात, म्हणून एक फेरी सकाळी दहाच्या सुमारास, दुसरी दुपारी व तिसरी सायंकाळी असावी. पत्र्याच्या छपराखाली भर दुपारी पडून राहिलेल्या अंड्याची जी हानी होते ती पुढे कशानेही भरून निघत नाही.

कोंबडीने पुन्हा त्याच जागी यावे म्हणून एक अंडे तेथेच ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. ही रीत चुकीची नाही. परंतु तेच अंडे पुढे चुकून बाजारात जाते व नासके निघते. त्याऐवजी अंड्याच्या आकाराचा गुळगुळीत पांढरा दगड किंवा लाकडी अंडे ठेवावे. खरेच अंडे ठेवायचे असेल तर त्यावर कोळशाने ठळक फुली मारावी.

उचललेल्या प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख लिहावी. जे अंडे आधी आले ते आधी खपावे, एवढा एक नियम पाळला तरी घरातील निम्मी तक्रार मिटेल. तडा गेलेली, पातळ कवचाची व मळकी अंडी वेगळी काढून त्याच दिवशी घरी शिजवून वापरावीत.

फलित व अफलित अंडी

कोंबडी अंडी देते त्यासाठी कोंबड्याची गरज नसते. कळपात कोंबडा नसला तरी अंडी तितकीच मिळतात, मात्र ती अफलित असतात व त्यांतून पिले निघत नाहीत. कळपात कोंबडा असेल तर अंडी बहुधा फलित असतात. फलित अंडे खाण्यास तितकेच सकस असते. परंतु साठवणीच्या दृष्टीने त्याचा एक मोठा दोष आहे. सुमारे २१ अंश सेल्सियसपेक्षा अधिक उष्णतेत त्यातील गर्भ हळूहळू वाढू लागतो. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात उन्हाळ्यात सावलीतील तापमान ४० अंशांवर जाते. अशा वेळी घरात ठेवलेल्या फलित अंड्यात दोन-तीन दिवसांतच रक्ताचे कडे दिसू लागते. ही उष्णता उबवणीइतकी नियमित नसल्यामुळे तो गर्भ पुढे मरतो आणि अंडे नासते.

यास्तव ज्यांना केवळ खाण्याची अंडी विकावयाची आहेत त्यांनी उन्हाळ्यात कोंबडा कळपातून वेगळा ठेवावा. कोंबडा दूर केल्यावरही दोन ते तीन आठवडे काही अंडी फलित निघू शकतात. म्हणून ही व्यवस्था उन्हाळा तापण्यापूर्वीच करावी. मोकाट फिरणाऱ्या कोंबड्यांच्या बाबतीत शेजारच्या कोंबड्यामुळे हे नेहमी साधत नाही. तेथे अंडी वेळच्या वेळी उचलून लगेच थंड जागी ठेवणे व चार दिवसांच्या आत खपविणे हाच खरा उपाय होय.

अंडी धुवावीत काय?

साठवावयाचे अंडे धुऊ नये. धुतल्याने छिद्रांवरचा नैसर्गिक लेप निघून जातो. पाणी अंड्यापेक्षा थंड असेल तर आतील पदार्थ आकुंचन पावून कवचावरील घाण पाण्याबरोबर आत ओढली जाते. थोडीशी सुकलेली घाण असल्यास ती कोरड्या खरखरीत फडक्याने किंवा बारीक पॉलिश-कागदाने हलक्या हाताने पुसावी. धुण्यावाचून गत्यंतर नसेल तर अंड्यापेक्षा थोड्या अधिक कोमट, वाहत्या, स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे व ते अंडे साठवणीत न घालता त्याच दिवशी शिजवावे. अमेरिकेत बाजारासाठीची अंडी धुतात हे खरे. परंतु तेथे ती धुतल्यापासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत शीतगृहातच राहतात. आपल्या खेड्यात धुतलेले अंडे उघड्यावर ठेवणे म्हणजे त्याचे संरक्षण काढून घेणे होय.

अंडी ठेवण्याची जागा

अंडी निमुळते टोक खाली व रुंद टोक वर अशी उभी ठेवावीत. त्यामुळे हवेची पोकळी वर राहते व बलक मध्यभागी टिकतो. चुलीजवळ, पत्र्याखाली किंवा उन्हाच्या भिंतीलगत अंडी कधीही ठेवू नयेत. कांदा, लसूण, सुकी मासळी व रॉकेल यांच्या सान्निध्यातही ती नसावीत, कारण छिद्रांतून वास आत शिरतो. अंडी धान्याच्या कणगीत किंवा कोंड्यात पुरून ठेवण्याची जुनी रीत आहे. तीत दुपारच्या उष्णतेपासून काहीसे संरक्षण मिळते. परंतु धान्यात कीडनाशक गोळ्या किंवा भुकटी घातली असेल तर तेथे अंडी मुळीच ठेवू नयेत.

देशावर, मराठवाड्यात व विदर्भात, जेथे उन्हाळ्यात हवा कोरडी असते तेथे मातीच्या मडक्याची योजना फार उपयोगी पडते. ती अशी करावी. घरातील सावलीच्या व वारा खेळणाऱ्या जागी एका रुंद कुंडीत वाळू भरावी. तीत पसरट तोंडाचे कोरे मडके गळ्यापर्यंत पुरावे. मडक्याच्या तळाशी व बाजूंनी कोरड्या पेंढ्याचा जाड थर द्यावा व त्यावर अंडी ठेवावीत. तोंडावर ओले गोणपाट टाकावे, मात्र त्याचे पाणी अंड्यांवर ठिबकू नये म्हणून मध्ये टोपली किंवा झाकणी असावी. वाळूवर सकाळ-सायंकाळ पाणी शिंपडावे. पाण्याची वाफ होताना ती मडक्यातील उष्णता घेऊन जाते. माठातील पाणी गार होते त्याच तत्त्वावर हे चालते. कोरड्या हवेत बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंश कमी तापमान आत राहू शकते. शिवाय आतील हवा दमट राहत असल्याने अंड्यातील पाणीही कमी उडते. पेंढा ओलसर झाला तर अंड्यांवर बुरशी धरते. म्हणून दर तीन-चार दिवसांनी तो बदलून उन्हात वाळवावा.

कोकणात ही योजना फारशी लाभत नाही. तेथील हवा आधीच दमट असल्याने पाण्याची वाफ कमी होते, आणि पावसाळ्यात तर मडक्यात बुरशीच वाढते. कोकणातील घरी माजघरातील जमिनीलगतची गार व कोरडी जागा निवडावी, टोपली जाळीदार असावी आणि अंडी लवकर खपविण्यावर अधिक भर द्यावा.

मडक्याची सोय केली तरी उन्हाळ्यात चार-पाच दिवसांहून अधिक व हिवाळ्यात दोन आठवड्यांहून अधिक काळ अंडी घरात ठेवू नयेत.

आता पुष्कळ घरी शीतकपाट, म्हणजे फ्रिज, आलेले आहे. त्यात न धुतलेली स्वच्छ अंडी झाकणाच्या डब्यात ठेवल्यास तीन ते पाच आठवडे चांगली राहतात. ती दारातील कप्प्यात न ठेवता आतील फळीवर ठेवावीत, कारण दार उघडताना तेथील तापमान सारखे बदलते. एकदा गार केलेली अंडी बाहेर काढून पुन्हा आत ठेवू नयेत. बाहेरच्या उष्ण हवेत कवचावर दव जमते व त्या ओलाव्यात जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते.

तेलाचा हात व चुन्याची निवळी

अंडी काही दिवस अधिक टिकवावयाची असल्यास छिद्रे बुजविण्याचे दोन घरगुती उपाय आहेत. दोन्ही उपाय ताज्या, स्वच्छ, न तडकलेल्या व शक्यतो अफलित अंड्यांवरच करावेत. नासू लागलेले अंडे त्यांनी सुधारत नाही.

पहिला उपाय तेलाचा. अंडे घातल्यापासून काही तासांतच, निदान त्याच दिवशी, खोबरेल किंवा शेंगदाण्याच्या स्वच्छ तेलात बोटे बुडवून कवचावर पातळ हात फिरवावा. तेल निथळू द्यावे व मग अंडी ठेवावीत. उशीर झाल्यास वायू आधीच निघून गेलेला असतो व लाभ कमी होतो. खवट तेल वापरू नये.

दुसरा उपाय चुन्याच्या निवळीचा. मातीच्या किंवा लोखंडी भांड्यात ६ लिटर पाणी घेऊन त्यात १ किलो कळीचा चुना थोडा थोडा सोडावा. चुना पाण्यात पडताच उकळी फुटते व थेंब उडतात. म्हणून मुलांना दूर ठेवावे, डोळे सांभाळावेत आणि हात घालू नये. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. चुना ते खातो. मिश्रण थंड झाल्यावर त्यात पाव किलो मीठ विरघळवून रात्रभर निवळू द्यावे. वरची स्वच्छ निवळी फडक्यातून गाळून घ्यावी. तीत अंडी पूर्ण बुडतील अशी १४ ते १६ तास ठेवावीत, मग पळीने काढून सावलीत सुकवावीत. चुना अंड्यातून येणाऱ्या वायूशी संयोग पावून छिद्रांत खडूसारखा घट्ट पदार्थ तयार होतो व ती बुजतात. अशी अंडी गार जागी सुमारे महिनाभर टिकू शकतात. छिद्रे बुजलेली असल्याने उकडताना कवच तडकते; म्हणून उकडण्यापूर्वी रुंद टोकाला स्वच्छ सुईने बारीक भोक पाडावे.

उबवणीची अंडी वेगळी

खाण्याची अंडी व उबवावयाची अंडी एकाच टोपलीत ठेवण्याची सवय सोडली पाहिजे. उबवणीच्या अंड्याला तेल किंवा चुना लावू नये. त्यातील गर्भाला छिद्रांतूनच हवा मिळते. ते सात दिवसांहून जुने नसावे, आणि उन्हाळ्यात तीन-चार दिवसांहून अधिक काळ ठेवू नये. ठेवलेली अंडी रोज एकदा हलकेच कलती करावीत.

गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते. ती सर्व अंडी तिच्याखाली ठेवली जातात व पुष्कळ घरी पहिली चार-पाच फुकट जातात. ती कोंबडी बसेपर्यंत दोन आठवड्यांहून जुनी झालेली असतात. म्हणून पहिली अंडी वेळीच विकावीत किंवा मुलांना खाऊ घालावीत, आणि शेवटची ताजी आठ-दहा अंडी रवणीला ठेवावीत. अंड्यावरील तारखेचा उपयोग येथे दुसऱ्यांदा होतो. शेवटची अंडी पुरेशी नसतील तर शेजारणीकडून त्याच आठवड्याची अंडी बदली घ्यावीत.

ताजेपणाची परीक्षा

बाजारात नेण्यापूर्वी अंडी प्रकाशात पाहावीत. जाड पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडून त्यामागे विजेरी धरावी व अंधाऱ्या खोलीत अंड्याचे रुंद टोक त्यावर टेकवावे. ताज्या अंड्यातील पोकळी लहान व आतील भाग स्वच्छ दिसतो. रक्ताचे कडे, कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा किंवा काळसर डाग दिसल्यास ते अंडे विकू नये.

पाण्याची परीक्षा सर्वांस ठाऊक आहे. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, जुने होत गेले की रुंद टोक उचलले जाते, पुढे ते उभे राहते व अखेरीस तरंगते. ही परीक्षा अंड्याचे वय सांगते; त्यात रोगजंतू आहेत किंवा नाहीत हे सांगत नाही. शिवाय पाण्यात घातलेले अंडे पुन्हा साठवू नये. म्हणून ही परीक्षा शिजविण्याच्या वेळीच करावी.

स्वयंपाकात प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून पाहावे व मगच इतरांत मिसळावे. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले अंडे, विशेषतः लहान मुले, गर्भवती स्त्रिया, वृद्ध व आजारी माणसे यांना देऊ नये. बलक घट्ट होईपर्यंत ते शिजवावे. उकडलेले अंडे कच्च्या अंड्यापेक्षा लवकर बिघडते, म्हणून उन्हाळ्यात ते उकडल्यावर लगेच खावे. आजारी कोंबडीची अंडी खाऊ वा विकू नयेत. कोंबड्यांना औषध चालू असल्यास किती दिवस अंडी वर्ज्य करावीत हे पशुवैद्यकास विचारावे, आणि एकाएकी अनेक कोंबड्या मरू लागल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

गावात करून दाखविण्याजोगे प्रात्यक्षिक

ग्रामकार्यकर्ते, पशुसखी व महिला बचत गटांनी पुढील प्रात्यक्षिक उन्हाळ्यात अवश्य करावे. एकाच दिवशी घातलेली नऊ अंडी घ्यावीत व त्यांवर तारीख घालावी. तीन अंडी पत्र्याखालच्या टोपलीत, तीन वाळूतील मडक्यात आणि तीन तेलाचा हात फिरवून त्याच मडक्यात ठेवावीत. आठव्या दिवशी गटाच्या बैठकीत ती क्रमाने पांढऱ्या ताटल्यांत फोडावीत. कोणता बलक उंच उभा आहे, कोणाचा पांढरा भाग पाण्यासारखा पसरला आहे व कोणत्या अंड्यास वास येतो, हे बायकांनी स्वतः पाहावे. अंडी फोडून झाल्यावर ती खाऊ नयेत; ताटल्या साबणाने व गरम पाण्याने धुवाव्यात.

त्यानंतर प्रत्येक घराने तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: अंडी उचलण्याच्या वेळा, तारीख लिहिणाऱ्याचे नाव आणि मडके ठेवण्याची जागा. तारीख लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीवर किंवा मुलावर सोपवावे. एकाच आळीतील पाच-सहा घरांनी अंडी एकत्र करून आठवड्यातून दोनदा बाजारात पाठविल्यास कोणाच्याही घरी अंडे चार दिवसांहून अधिक राहणार नाही, आणि तारीख घातलेले अंडे ग्राहकही अधिक विश्वासाने घेईल.